थरांचा स्ट्रॉबेरी माचा लाटे घरी कसा करायचा

खाली लाल, मध्ये पांढरा, वर हिरवा. कॅफेत हा ग्लास टेबलावर आला की आधी फोटो निघतो आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, "हे घरी जमेल का?" जमतं. मशीन लागत नाही आणि गॅससमोर फार वेळ उभं राहावं लागत नाही. अडतं ते एवढ्यासाठी, की व्हिडिओत ओततानाचे दहा सेकंदच दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळी करामत हाताची आहे. हाताचा वाटा थोडा आहे. थर टिकणार की नाही, हे साखर कुठल्या थरात पडली यावर ठरतं. जिथे साखर जास्त तो थर जड, आणि जड ते खाली बसतं. म्हणून एक नियम शेवटपर्यंत पाळा: साखर फक्त फळात. दूध बिनसाखरेचं, आणि माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, तोही बिनसाखरेचा.

माचा कधी चाखलाच नसेल तर आधीच सांगून ठेवते: पहिल्या घोटाला तो बऱ्याच जणांना गवतासारखा वाटतो. हिरवट, किंचित कडसर, मागून हलका गोडवा. नुसता पाण्यात घुसळून प्यायला सवय लागते. फळ आणि दूध सोबत असलं की ओळख सोपी जाते, त्यामुळे सुरुवात इथूनच केलेली बरी.

काय काय लागेल

हे प्रमाण ३५० मिलीच्या एका उंच, सरळ, पारदर्शक ग्लाससाठी आहे.

- माचा पावडर: २ ग्रॅम (एक सपाट छोटा चमचा)
- पाणी: ५० मिली, गरम पण उकळतं नाही
- थंडगार दूध: १२० मिली
- स्ट्रॉबेरीचा गोड गर: ३ टेबलस्पून, म्हणजे साधारण ४५ मिली (कृती पुढे आहे)
- बर्फाचे ४-५ मोठे खडे

भांडी: चहाची अगदी बारीक जाळीची गाळणी, एक वाडगा, एक मोठा चमचा आणि घुसळायला काहीतरी. जपानी पद्धतीचा बांबूचा घुसळणा, म्हणजे चासेन, असेल तर उत्तमच. नसेल तर बॅटरीवर चालणारा, फेस काढणारा छोटा फ्रॉदर चालतो. तोही नसेल तर घट्ट झाकणाची छोटी बरणी. चासेन, वाडगा, बांबूचा चमचा असा अख्खा संच पहिल्याच दिवशी मागवू नका. हे पेय आपल्याला आवडतं का ते आधी कळू द्या. स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा असेल तर मात्र तो बाहेर काढा. माचाचा चमचा सपाट भरला की शिगोशीग भरला, यात सहज दुपटीचा फरक पडतो.

१. माचा विकत घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते, म्हणून इथे घाई नको.

माचा म्हणजे दळलेला ग्रीन टी, एवढंच सांगून विक्रेते मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. माचासाठी चहाची झुडपं तोडणीआधी साधारण तीन-चार आठवडे आच्छादनाखाली, सावलीत वाढवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि थिअनिन नावाचं अमिनो आम्ल टिकून राहतं. हिरवा रंग आणि जिभेवरचा गोडसर गुळगुळीतपणा यांतूनच येतो. तोडलेली पानं वाफवतात, सुकवतात, शिरा आणि देठ काढून टाकतात. उरलेल्या पानाला तेंचा म्हणतात आणि तो दगडी जात्यात दळला की माचा होतो. एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पीठ पडतं. वेगाने दळलं तर जातं तापतं आणि रंग, वास दोन्ही जातात. स्वस्त माचा स्वस्त का असतो, हे यावरून कळेल. क्योटोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे आणि दक्षिणेचं कागोशिमा ही जपानमधली माचाची मोठी ठिकाणं आहेत. डब्यावर यांतलं एखादं नाव असेल तर निदान विक्रेत्याला माल कुठून आला ते ठाऊक आहे असं समजायचं.

आता सापळे.

पहिला, "माचा लाटे मिक्स". पाकिटाच्या मागे घटक वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव साखरेचं किंवा दूध पावडरचं असेल तर ते मिक्स आहे. पिऊन बघायला हरकत नाही, पण त्याने थर होणार नाहीत, कारण त्यात साखर आहे.

दुसरा, "ग्रीन टी पावडर". हा साधा, उन्हात वाढलेला चहा दळलेला असतो. कडू, तुरट, रवाळ. केकमध्ये खपून जाईल, ग्लासात नाही.

तिसरा, "सेरेमोनियल ग्रेड". हे शब्द वाचून डबल पैसे मोजणारे खूप आहेत. या दर्जाची कायद्याने ठरवलेली व्याख्या जपानमध्येही नाही, त्यामुळे कोणीही कशावरही तो शिक्का मारू शकतं. त्यापेक्षा रंग बघा. चांगला माचा झळझळीत हिरवा असतो. मेंदीच्या पुडीसारखा पिवळट-तपकिरी दिसला तर तो जुना, हवा लागलेला किंवा मुळातच हलका आहे. चिमूटभर बोटांत चोळा, पावडर टाल्कमइतकी मऊ लागली पाहिजे. परदेशी मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. नसेल तर सोडून द्या.

सगळ्यात महागडा माचा लाटेसाठी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची नाजूक चव स्ट्रॉबेरी आणि दुधाखाली पार बुडते. मधल्या किमतीचा, जरा ठसठशीत चवीचा घ्या. ३० ग्रॅमच्या डब्यात १५ ग्लास होतात, तेव्हा किमतीला १५ ने भागा आणि मग कॅफेच्या बिलाशी तुलना करा. किमती चढ्या दिसल्या तर नवल वाटू देऊ नका. २०२४ च्या शरद ऋतूत मागणी इतकी वाढली, की इप्पोदो आणि मारुक्यु कोयामाएन या क्योटोच्या जुन्या, नामांकित पेढ्यांनाही गिऱ्हाइकामागे किती डबे द्यायचे यावर मर्यादा घालावी लागली.

डबा छोटाच आणा. उघडल्यावर घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, उजेडापासून लांब ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. फ्रीजमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरून गुठळ्या होतात. आणि हो, लसणीच्या चटणीच्या शेजारी ठेवू नका. माचा वास फार पटकन ओढतो.

२. फळाचा गर

स्ट्रॉबेरी आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. डिसेंबर ते मार्च ताजी घ्या, एरवी फ्रोझन चालते आणि गरासाठी ती काही वाईट नाही, कारण गोठून सुटल्यावर ती आपोआप मऊ होऊन रस सोडते.

आता साखरेचं गणित, कारण सगळा खेळ यावर आहे. पिकलेल्या स्ट्रॉबेरीतही साखर साधारण सात-आठ टक्केच असते. तिच्या रसाची घनता त्यामुळे १.०३ च्या आसपास येते. दुधाची घनताही १.०३ च्या आसपासच. म्हणजे बिनसाखरेचा स्ट्रॉबेरी गर आणि दूध वजनाला जवळजवळ सारखे, आणि दूध ओतताच दोघं एकमेकांत मिसळतात. "मी साखर टाळते, म्हणून नुसती स्ट्रॉबेरी वाटून घातली" असं म्हणणाऱ्यांचा ग्लास गुलाबी होतो तो याच कारणाने. गरात एकूण साखर २५ टक्क्यांच्या आसपास नेली की घनता १.१ च्या घरात जाते आणि गर तळाशी ठाण मांडून बसतो.

पाच-सहा ग्लासांसाठी:

- स्ट्रॉबेरी २५० ग्रॅम, देठ काढून, चार तुकडे करून
- साखर ६० ग्रॅम
- लिंबाचा रस अर्धा चमचा
- मीठ अगदी चिमूटभर

स्ट्रॉबेरी आधी धुवा, मग देठ काढा. उलट केलं तर आत पाणी शिरतं. तुकड्यांवर साखर, मीठ घालून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. भरपूर रस सुटेल. मग काट्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने चेचा. थोडे तुकडे राहू द्या, ग्लासाच्या काचेतून छान दिसतात.

मिक्सर लावायचा मोह होईल, लावू नका. मिक्सरमध्ये गरात हवा भरते, रंग फिका गुलाबी होतो आणि हवेमुळे गर हलका होऊन दुधात वर येतो. शिवाय बिया दळल्या जाऊन चव कडवट होते.

कच्चा गर ताजा लागतो आणि फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. जास्त टिकवायचा असेल तर हाच गर मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजवा आणि पूर्ण गार करा. शिजवलेला जरा जॅमकडे झुकतो, पण थर जास्त ठाम बसतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी शिजवलेलाच घ्यावा, दोन-चार वेळा थर जमले की कच्च्याकडे वळावं. लिंबू कधीही शेवटी, थंड झाल्यावर घाला.

एका ग्लासात घातलेली साखर साधारण १० ग्रॅम येते. तळाचा गर नुसता चाखला तर अति गोड वाटेल. तसाच हवा. तो सगळ्या ग्लासाला पुरायचा आहे.

३. दूध

तापवून, पूर्ण गार करून, फ्रीजमध्ये किमान तीन-चार तास ठेवलेलं दूध घ्या आणि गाळून घ्या. सायीचा एक तुकडा राहिला तरी तो हिरव्या थरात नेमका वर तरंगतो.

फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ टक्के. फुल क्रीमने चव भरते आणि माचाचा कडूपणा झाकला जातो, पण जेवणानंतर प्यायचं असेल तर जड होतं. टोन्ड अगदीच पातळ वाटत असेल तर दोन्ही निम्मं निम्मं घ्या.

स्ट्रॉबेरी आंबट आहे, मग दूध फाटणार नाही का? अंशतः फाटतं. दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) गोळा होतं आणि स्ट्रॉबेरी त्यापेक्षा बरीच आंबट असते. आपल्याला वाचवतात दोन गोष्टी: थंडी आणि वेळ. दोन्ही पदार्थ गार असतील, तर लाल-पांढऱ्या सीमेवर फार तर बारीक कण दिसतात. गर कोमट असेल तर मात्र डोळ्यांदेखत पनीर होईल. म्हणून गर आणि दूध दोन्ही फ्रीजमधून थेट ग्लासात.

दूध चालत नसेल तर ओट मिल्क सगळ्यात चांगलं. सोया मिल्क आंबटाला फाटतं. बदामाचं बाजारातलं दूध बहुतेक वेळा पाण्यासारखं पातळ असतं, माचा त्यात लगेच उतरतो. चव बरी लागेल, फोटो विसरा. कुठलंही घेतलं तरी "अनस्वीटन्ड" बघून घ्या.

४. माचा घुसळणं

पाणी किती गरम? ७५ ते ८० अंश. उकळत्या पाण्यात माचा कडू-तुरट होतो आणि मग लोक माचालाच नावं ठेवतात. थर्मामीटर नसेल तर जपानी घरांतली युक्ती वापरा: उकळलेलं पाणी एका थंड कपात ओता, त्यातून दुसऱ्या थंड कपात. दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. दोनदा ओतलं की पाणी तयार.

माचा गाळणीतून वाडग्यात चाळून घ्या. ही पायरी टाळणारे पुढे गुठळ्यांबद्दल तक्रार करतात. पावडर इतकी बारीक असते की डब्यातच तिचे गोळे होतात, आणि एकदा गोळ्यावर पाणी पडलं की बाहेरून ओला, आतून कोरडा असा गोळा फ्रॉदरनेही सुटत नाही.

चाळलेल्या माचावर आधी एक-दीड चमचा पाणीच घाला आणि त्याची गुळगुळीत पेस्ट करा. मग उरलेलं पाणी. चासेन असेल तर तो आधी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करा, नाहीतर बांबूचे तंतू मोडतात. घुसळताना गोल फिरवू नका. मनगट सैल ठेवून पुढे-मागे, झपझप. तळाला घासू नका. पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो. फ्रॉदर आधी आत बुडवा आणि मग चालू करा, बाहेर काढण्याआधी बंद करा. ओट्यावर हिरवी नक्षी नको असेल तर हा क्रम लक्षात ठेवा.

बरणी वापरत असाल तर पाणी गार घ्या. गरम पाणी बंद बरणीत हलवलं की वाफेच्या दाबाने झाकण उडतं. गार पाण्यात पेस्ट व्हायला वेळ लागतो, पण कडूपणा कमी उतरतो. उन्हाळ्यात मी अशीच करते.

इथे साखर, मध, कंडेन्स्ड मिल्क काहीही घालायचं नाही. बिनसाखरेचा माचा जवळजवळ पाण्याइतका हलका असतो, म्हणून दुधावर राहतो. दोन चमचे मध घातला की तो दुधापेक्षा जड होतो आणि तळाकडे निघतो.

५. थर लावणं

आता ते दहा सेकंद.

१) गार गर ग्लासच्या तळाशी चमच्याने घाला. आतल्या काचेवर थोडा वर ओढून लावला तर लाल रेघा दिसतात. हौस असेल तर करा.

२) बर्फ ग्लास जवळजवळ भरेपर्यंत घाला. बर्फ फक्त गारव्यासाठी नाही, ओतलेल्या धारेचा जोर तो मोडतो. मोठे खडे घ्या. चुरा केलेला बर्फ लगेच वितळतो आणि पाणी सुटून सगळं फिकं होतं.

३) दूध बर्फाच्या खड्यावर, बारीक धारेने. गरावर थेट धार पडली की लाल रंग वर उसळतो. वर दोन बोटं जागा सोडा.

४) अर्धा मिनिट थांबा. दूध स्थिर होऊ द्या.

५) चमचा उलटा धरून त्याचं टोक बर्फाला टेकवा आणि माचा त्याच्या पाठीवरून अगदी सावकाश सोडा. पहिले दोन-तीन चमचे सगळ्यात जपून, कारण एकदा हिरवा थर धरला की पुढचं आपोआप त्यावर पसरतं.

हिरव्या-पांढऱ्याच्या मध्ये थोडे ढग उतरतात. ते उतरतातच, आणि सुरीने कापल्यासारख्या कडेपेक्षा मला तेच आवडतात.

फोटो काढायचा तर लगेच काढा आणि मग तळापासून नीट ढवळून प्या. न ढवळता वरून प्यायलात तर आधी नुसता कडू माचा येईल, शेवटी नुसता पाक, आणि दोष पाककृतीला जाईल.

६. बिघडलं तर

माचा दुधात बुडाला: बहुधा दूध पातळ होतं, धार जोरात पडली किंवा माचात गोड काहीतरी होतं. सगळा ग्लास गुलाबी झाला: गरात साखर कमी किंवा मिक्सरची हवा. वर कोरडे हिरवे ठिपके: चाळला नाही. चव पाणचट: बर्फ लहान होता, किंवा माचासाठी ५० मिलीच्या जागी अर्धा कप पाणी घेतलं. माशासारखा किंवा सुक्या गवतासारखा वास: माचा जुना झाला, आता तो केकमध्ये घाला.

७. स्ट्रॉबेरी नसेल तेव्हा

एप्रिल-मेमध्ये हापूस. हे तर स्ट्रॉबेरीपेक्षा सोपं आहे. पिकलेल्या हापूसमध्ये मुळातच १६ ते २० टक्के साखर असते, त्यामुळे रस बिनसाखरेचाही खाली बसतो आणि आंबटपणा कमी असल्याने दूधही शांत राहतं. रस गाळून घ्या. डब्यातला आमरस वापरलात तर त्यात साखर घातलेली असते, वेगळी नको. केशरी-पांढरा-हिरवा असा ग्लास होतो, तेव्हा १५ ऑगस्टला कोणाला सुचणार ते सांगायला नको. त्यासाठी पल्पचा डबा जपून ठेवा.

सीताफळाचा गर गोड आणि जड, थर अप्रतिम बसतो. पण दोन पांढरे थर दिसायला एकच वाटतात. चवीसाठी करा.

अननस, किवी आणि कच्ची किंवा अर्धकच्ची पपई दुधाबरोबर टाळा. यांच्यातली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्याच वेळात दूध कडू होतं. अननस चांगला शिजवून घेतला तर एन्झाइम निकामी होतं, मग चालतो. संत्रं-मोसंबी दुधात नकोच. जांभूळ रंगाला देखणं, पण ते तुरट आणि माचाही तुरट. जीभ आकसते.

दूधच नको असेल तर शहाळ्याचं पाणी घ्या. ग्लासात बर्फ, त्यावर शहाळ्याचं पाणी, वरून माचा. शहाळ्याच्या पाण्यात थोडी साखर असतेच, त्यामुळे माचा वर राहतो. मुंबईच्या मे महिन्यात यासारखं दुसरं नाही.

८. कधी प्यावा, कोणी जपावं

२ ग्रॅम माचात साधारण ६० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. पान अख्खं पोटात जातं, त्यामुळे साध्या ग्रीन टीपेक्षा जास्त. संध्याकाळी सातला पिऊन रात्री दोनला छताकडे बघत बसायचं नसेल तर दुपारी चारपर्यंत उरका. गरोदरपणात दिवसाचं एकूण कॅफिन २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, तेव्हा चहा-कॉफीही मोजा. चहातली पॉलिफिनॉल्स नावाची द्रव्यं जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण आणि हा ग्लास यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. लहान मुलांना हवा असेल तर माचा वगळून स्ट्रॉबेरी-दुधाचे दोन थर द्या.

फळ आणि दूध एकत्र म्हटल्यावर आजी किंवा सासूबाई भुवया उंचावणार. आयुर्वेदात आंबट फळं आणि दूध विरुद्ध अन्न मानलं आहे, पिकलेल्या गोड आंब्याला मात्र त्यात मुभा आहे. घरात हा वाद नको असेल तर हापूसने सुरुवात करा.

९. चार जणांसाठी

पाहुणे येणार असतील तर गर आदल्या दिवशी करून ठेवा. चारही ग्लासांत गर, बर्फ आणि दूध घालून ट्रे तयार करा, पण हे पाच मिनिटांपेक्षा आधी नको. माचा मात्र आयत्या वेळी. ८ ग्रॅम माचा आणि २०० मिली पाणी एकदम घुसळता येतं, वाडगा मोठा घ्या. घुसळून ठेवलेला माचा दहा मिनिटांत तळाशी बसतो आणि रंग उतरायला लागतो, म्हणून मंडळी बसली की मगच.

चासेन वापरला असेल तर तो साबणाने धुवू नका. नुसत्या गरम पाण्यात दोनदा घुसळा, झटका आणि उघड्यावर वाळवा. ओला डब्यात बंद केला तर बुरशी धरते. गाळणी लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, वाळलेला माचा जाळीतून निघता निघत नाही.